पुनरावृत्त एक्सएमएल घटक आणि वस्तुसंग्रह : ‘एक’ आणि ‘अनेक’ यांच्या संगणकीय नोंदीचा इतिहास

प्रस्तावना :

मराठीत ‘लेखक’ हा शब्द एकटा उभा असेल तर तो एकवचनी आहे की अनेकवचनी, हे सांगता येत नाही. अकारान्त पुल्लिंगी नामाचे प्रथमेचे रूप दोन्ही वचनांत सारखेच राहते. ‘लेखक आला’ असे म्हटल्यावर वचन कळते. परंतु ‘लेखक आले’ असे म्हटल्यावर अनेक लेखक आले की एकाच लेखकाचा आदरार्थी उल्लेख केला आहे, हे पुन्हा संदर्भावरूनच ठरवावे लागते. वाचकाला ही अडचण सहसा जाणवत नाही, कारण संदर्भ त्याच्या हाताशी असतो. यंत्राजवळ असा संदर्भ नसतो. त्यामुळे संगणकासाठी नोंद करताना ‘एक’ आणि ‘अनेक’ यांतील भेद कोणीतरी, कोठेतरी स्पष्टपणे लिहून ठेवावाच लागतो.

हा भेद नेमका कोठे लिहावा, हा संगणकीय माहितीव्यवस्थेतील एक जुना प्रश्न आहे. इ.स. १९९८ नंतर एक्सएमएल या मार्कअप भाषेचा प्रसार झाला आणि तिच्यातील दस्तऐवजांचे जावा, सी-शार्प यांसारख्या वस्तुनिष्ठ भाषांतील आज्ञावलींशी नाते जोडण्याची गरज निर्माण झाली, तेव्हा तो विशेष तीव्रतेने पुढे आला. दस्तऐवजात एकाच नावाचा घटक अनेक वेळा आला तर आज्ञावलीत त्याचे रूपांतर कशात करावे? आणि तोच घटक एकदाच आला तर? वरवर केवळ तांत्रिक वाटणाऱ्या या प्रश्नाच्या उत्तरावर ग्रंथसूची, अभिलेखांच्या नोंदी, जुन्या कागदपत्रांच्या अंकीय आवृत्त्या यांची विश्वासार्हता अवलंबून असते. म्हणूनच इतिहास आणि ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांनीही त्याची दखल घेणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) पुनरावृत्त घटकांचे वस्तुसंग्रहात रूपांतर करण्याच्या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) या प्रश्नाची एक्सएमएलपूर्व परंपरा आणि एक्सएमएलनंतरची त्याची वाटचाल कालक्रमाने मांडणे.
३) रूपांतराच्या निरनिराळ्या पद्धतींमुळे माहितीचा कोणता अंश टिकतो व कोणता गळतो, याचा विचार करणे.

यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित तांत्रिक मानके आणि भाषांच्या घोषित वैशिष्ट्यांचा आधार घेतला आहे. उदाहरणे मात्र मराठी कोशवाङ्मयातून घेतली आहेत.

प्रश्नाचे स्वरूप :

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश इ.स. १८३१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि त्याची दुसरी आवृत्ती इ.स. १८५७ मध्ये निघाली. या कामात जॉर्ज कँडी आणि थॉमस कँडी या बंधूंचे त्यांना साहाय्य होते. संकलक आणि साहाय्यक हा भेद सोयीसाठी बाजूला ठेवल्यास या ग्रंथाची नोंद एक्सएमएलमध्ये अशी करता येईल :

<ग्रंथ>
<शीर्षक>मराठी-इंग्रजी शब्दकोश</शीर्षक>
<संकलक>मोल्सवर्थ</संकलक>
<संकलक>जॉर्ज कँडी</संकलक>
<संकलक>थॉमस कँडी</संकलक>
</ग्रंथ>

एक्सएमएलच्या पहिल्याच मानकाने घटकांच्या नावांसाठी युनिकोडमधील अनेक लिप्यांची अक्षरे ग्राह्य धरली असल्यामुळे वरील देवनागरी नोंद नियमास धरूनच आहे. येथे ‘संकलक’ हा घटक तीनदा आला आहे. आज्ञावली लिहिणारा ‘ग्रंथ’ नावाचा एक वर्ग तयार करतो. त्यात ‘शीर्षक’ या नावाखाली एक मूल्य आणि ‘संकलक’ या नावाखाली तीन मूल्यांची सूची ठेवतो. दस्तऐवजातील पुनरावृत्ती अशा रीतीने आज्ञावलीतील संग्रहात उतरते.

आता मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप करणारे बाबा पदमनजी यांच्या कोशाची नोंद घेऊ. तीत ‘संकलक’ हा घटक एकदाच येईल. केवळ हाती आलेला दस्तऐवज पाहून रूपांतर करणाऱ्या साधनाला येथे ‘संकलक’ म्हणजे एक नाव, असे वाटते. ते सूची तयार न करता साधी अक्षरमालिका तयार करते. पुढे ‘या ग्रंथाला किती संकलक आहेत?’ असा प्रश्न विचारला की पहिल्या नोंदीसाठी ३ हे अचूक उत्तर येते. दुसऱ्या नोंदीसाठी मात्र अनेक भाषांत सूचीची लांबी आणि अक्षरमालिकेची लांबी एकाच आज्ञेने मोजली जात असल्यामुळे संगणक ‘बाबा पदमनजी’ या अक्षरमालिकेतील युनिकोड चिन्हे मोजतो आणि ११ असे उत्तर देतो. यंत्र कोठेही अडखळत नाही आणि चुकीची सूचनाही देत नाही. ते केवळ एका कोशकाराचे अकरा कोशकार करून मोकळे होते.

एकाच नमुन्यावरून त्या प्रकारच्या सर्व नोंदींची रचना ठरवता येत नाही, हे यातून स्पष्ट होते. एकदाच आलेला घटक ‘एकच असू शकतो’ असे सांगत नाही. तो फक्त ‘येथे एक आहे’ एवढेच सांगतो. या दोन विधानांतील अंतर हाच प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

एक्सएमएलपूर्व परंपरा :

हा प्रश्न एक्सएमएलने निर्माण केला, असे मानणे योग्य ठरणार नाही. व्यापारी हिशेबांसाठी इ.स. १९५९ पासून आकाराला आलेल्या कोबॉल या भाषेत पुनरावृत्त होणाऱ्या नोंदीसाठी ‘ऑकर्स’ हे कलम होते. एखादी नोंद किती वेळा येणार, हे आज्ञावलीच्या माहितीविभागातच लिहून ठेवावे लागे. संख्या बदलती असेल तर ती दुसऱ्या एखाद्या मूल्यावर अवलंबून असल्याचे सांगण्याची सोय होती. ‘अनेकत्व’ येथे आज्ञावलीत घोषित होत असे. माहितीच्या फितीवर त्याची स्वतंत्र खूण असेलच असे नाही.

आयबीएम कंपनीने अपोलो अंतराळमोहिमेच्या निमित्ताने इ.स. १९६६ पासून विकसित केलेली आयएमएस ही प्रणाली माहितीची मांडणी वंशवृक्षासारखी करीत असे. एका यंत्रभागाखाली त्याचे उपभाग आणि त्यांच्याखाली त्यांचे उपभाग, अशी ती रचना होती. एकाच पालकाखालील एकाच प्रकारच्या नोंदींना या प्रणालीच्या परिभाषेत ‘जुळी’ असे संबोधले जाई. एक्सएमएलमधील पुनरावृत्त घटकांचे हे पूर्वरूप म्हणता येईल.

या परंपरेला मूलगामी छेद दिला तो एडगर कॉड यांनी. जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी माहितीच्या संबंधाधारित प्रारूपाची मांडणी केली. त्यात त्यांनी कर्मचाऱ्याच्या नोंदीचे उदाहरण घेतले आहे. कर्मचाऱ्याच्या नोंदीतच त्याचा नोकरीचा पूर्वेतिहास आणि त्याच्या मुलांची यादी अंतर्भूत असेल, तर या याद्या बाहेर काढून त्यांची स्वतंत्र कोष्टके करावीत आणि प्रत्येक ओळीत मूळ कर्मचाऱ्याचा क्रमांक नोंदवावा, असा त्यांचा उपाय होता. नोंदीच्या पोटात नोंद राहू नये, एका चौकटीत एकच मूल्य असावे, हे तत्त्व पुढे ‘प्रथम सामान्य रूप’ या नावाने रूढ झाले.

कॉड यांच्या उपायाने ‘एक की अनेक’ हा संदेह संपला, कारण जे अनेक असू शकते त्याला स्वतंत्र कोष्टक मिळाले. मात्र त्याची एक किंमतही होती. कोष्टक हा गणिती अर्थाने संच असल्यामुळे त्यातील ओळींना अंगभूत क्रम नसतो. मोल्सवर्थ आधी आणि कँडी बंधू नंतर, हा मुखपृष्ठावरील क्रम टिकवायचा असेल तर क्रमांकाचा वेगळा रकाना जोडावा लागतो. दस्तऐवजाच्या जगात जो क्रम न सांगता मिळतो, तो कोष्टकाच्या जगात मुद्दाम सांगावा लागतो.

ग्रंथालयीन परंपरा :

संगणकशास्त्राच्या इतिहासात फारशी चर्चा न होणारी, तथापि या प्रश्नाचा अतिशय नेटका विचार करणारी दुसरी परंपरा ग्रंथालयांची आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात हेन्रिएट अ‍ॅव्हराम यांच्या नेतृत्वाखाली इ.स. १९६६ मध्ये ‘मार्क’ या यंत्रवाचनीय तालिकेचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. या पद्धतीत ग्रंथाच्या प्रत्येक तपशिलासाठी तीन अंकी क्रमांकाचे क्षेत्र असते आणि ते क्षेत्र पुनरावृत्त होऊ शकते की नाही, हे मानकातच नमूद केलेले असते. क्रमांक १०० हे मुख्य व्यक्तिनोंदीचे क्षेत्र पुनरावृत्त होऊ शकत नाही. क्रमांक ७०० हे अतिरिक्त व्यक्तिनोंदीचे क्षेत्र मात्र कितीही वेळा येऊ शकते. त्यानुसार मोल्सवर्थ यांना क्षेत्र १०० मध्ये आणि जॉर्ज व थॉमस कँडी यांना ७०० या क्षेत्राच्या दोन आवर्तनांत स्थान मिळते.

ही व्यवस्था तांत्रिकदृष्ट्या निःसंदिग्ध आहे. परंतु ती तटस्थ नाही. ‘मुख्य’ व्यक्ती एकच असली पाहिजे, हा कार्डतालिकेच्या काळातील संकेत तीत गोठवला गेला आहे. इ.स. १९७८ च्या अँग्लो-अमेरिकन तालिकीकरण नियमांच्या दुसऱ्या आवृत्तीत तर तिघांहून अधिक कर्ते असल्यास केवळ पहिल्याचे नाव देऊन पुढे ‘इत्यादी’ लिहावे आणि मुख्य नोंद शीर्षकाखाली करावी, असा नियम होता. इ.स. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरडीए या नव्या नियमावलीने हे बंधन शिथिल केले.

मराठी कोशवाङ्मयाच्या दृष्टीने या नियमाचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. इ.स. १८२९ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ हा जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांच्या सहकारी शास्त्रीमंडळींच्या सामूहिक श्रमाचे फळ होय. अशा ग्रंथाची नोंद ‘क्रमवंत, जगन्नाथशास्त्री इत्यादी’ अशी झाली की बाकीच्या शास्त्र्यांची नावे शोधकाच्या हाती लागत नाहीत. ती नावे ग्रंथात असतात, तालिकेत मात्र नसतात. पुनरावृत्तीला किती वाव द्यावा, या निर्णयाचा संबंध श्रेय आणि विस्मरण यांच्याशी कसा पोहोचतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

एसजीएमएल ते एक्सएमएल :

दस्तऐवजांच्या मार्कअपची परंपरा इ.स. १९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी सुरू केलेल्या जीएमएलपर्यंत मागे जाते. तिचे विकसित रूप असलेली एसजीएमएल ही भाषा इ.स. १९८६ मध्ये आयएसओ ८८७९ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक ठरली. या भाषेत प्रत्येक दस्तऐवजासाठी ‘दस्तऐवज प्रकार व्याख्या’ अर्थात डीटीडी असणे अपेक्षित होते. तीत घटकाच्या नावापुढे अधिकचिन्ह असेल तर ‘एक किंवा अधिक’, तारकाचिन्ह असेल तर ‘शून्य किंवा अधिक’, प्रश्नचिन्ह असेल तर ‘शून्य किंवा एक’ आणि कोणतेही चिन्ह नसेल तर ‘नेमका एक’ असा अर्थ होई. ‘लेखक’ या शब्दाचे वचन जसे क्रियापदावरून कळते, तसे घटकाचे वचन या चिन्हावरून कळत असे.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल १.० ही शिफारस प्रसिद्ध केली. टिम ब्रे, जाँ पाओली आणि मायकेल स्परबर्ग-मॅक्वीन हे तिचे संपादक होते. एसजीएमएलची क्लिष्टता कमी करणे हा तिचा हेतू होता. त्यासाठी घेतलेला एक निर्णय आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक ठरला. टॅग नीट उघडले व मिटले असतील आणि त्यांची गुंफण बरोबर असेल तर डीटीडी नसतानाही दस्तऐवज ‘सुरचित’ मानला जाईल, असे ठरले. यामुळे एक्सएमएल वापरणे अतिशय सोपे झाले आणि तिचा प्रसार झपाट्याने झाला; पण त्याचबरोबर वचन दाखवणारे चिन्ह नसलेले असंख्य दस्तऐवज व्यवहारात आले. क्रियापद गेले आणि नाम तेवढे उरले.

याच मानकातील आणखी एक नियम येथे नमूद करावयास हवा. एका घटकाच्या टॅगमध्ये एकाच नावाचा गुणविशेष दोनदा लिहिता येत नाही. म्हणजे जे गुणविशेष म्हणून लिहिले ते एकच असणार, याची ग्वाही भाषाच देते. जे घटक म्हणून लिहिले ते अनेक असू शकते. त्यामुळे ‘संकलक’ हा गुणविशेष ठेवावा की घटक, ही केवळ लेखनशैलीची बाब राहत नाही. गुणविशेष निवडणारा माणूस दुसऱ्या संकलकाची शक्यता नकळत नाकारत असतो.

या उणिवेवर उपाय म्हणून मे २००१ मध्ये एक्सएमएल स्कीमा हे मानक आले. त्यात घटकाची किमान आणि कमाल आवर्तने संख्येने सांगण्याची सोय झाली. काहीच न सांगितल्यास दोन्ही संख्या १ धरल्या जातात. कमाल आवर्तनांवर मर्यादा नसल्यास ‘अनबाउंडेड’ असा शब्द लिहिला जातो. पुढील काळात दस्तऐवजांचे वस्तूंत रूपांतर करणाऱ्या साधनांनी याच शब्दाचा आधार घेतला. स्कीमामध्ये ‘अनबाउंडेड’ दिसले की आज्ञावलीत सूची तयार करावी, मग प्रत्यक्ष दस्तऐवजात एकच नाव असो वा तीन, असा साधा नियम त्यातून निघाला. बाबा पदमनजींचे अकरा कोशकार होण्याचे संकट या नियमाने टळते.

जावा आणि डॉट नेट : दोन भिन्न मार्ग :

एक्सएमएल आणि वस्तुनिष्ठ भाषा यांना जोडणाऱ्या तंत्राला ‘डेटा बाइंडिंग’ असे म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट प्रणालीची पहिली आवृत्ती इ.स. २००२ मध्ये आली आणि तिच्यात हे काम करणारा ‘एक्सएमएल सिरियलायझर’ अंतर्भूत होता. जावा भाषेसाठी ‘जॅक्सबी’ या मानकाची पहिली आवृत्ती इ.स. २००३ मध्ये आणि दुसरी इ.स. २००६ मध्ये सिद्ध झाली. दोन्ही साधनांचा उद्देश एकच असला तरी पुनरावृत्तीविषयी त्यांची स्वाभाविक भूमिका परस्परविरुद्ध होती.

डॉट नेटमध्ये वर्गातील सूची विशेष सूचनेविना एक्सएमएलमध्ये लिहिली तर प्रथम सूचीच्या नावाचा एक वेष्टक घटक उघडतो आणि त्याच्या आत प्रत्येक मूल्याचा घटक येतो. जसे, ‘संकलकसूची’ या घटकाच्या आत तीन ‘संकलक’. वेष्टक नको असल्यास तसे स्वतंत्र निर्देशाने सांगावे लागते. जॅक्सबीमध्ये याच्या उलट, सूची लिहिताना वेष्टक न उघडता घटक सरळ एकापाठोपाठ येतात आणि वेष्टक हवा असल्यास निर्देश द्यावा लागतो. त्यामुळे एकाच स्वरूपाची माहिती दोन प्रणालींनी आपापल्या स्वाभाविक पद्धतीने लिहिली तर दोन वेगळ्या आकृत्यांचे दस्तऐवज तयार होत. दोन संस्थांच्या प्रणालींमध्ये देवाणघेवाण करताना हा फरक ध्यानात घेतला नाही, तर वाचणाऱ्या प्रणालीला सूची रिकामीच दिसण्याचा संभव असे.

भाषांच्या तत्कालीन क्षमतेचाही या इतिहासावर परिणाम झाला. इ.स. २००४ मधील जावाच्या पाचव्या आवृत्तीपूर्वी ‘कशाची सूची’ हे भाषेत सांगण्याची सोय नव्हती. सूचीत संकलक आहेत की प्रकाशक, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावे, असाच तो व्यवहार होता. सूचीचा आशय प्रकारासह घोषित करण्याची ‘जेनेरिक्स’ ही सोय जावामध्ये इ.स. २००४ मध्ये आणि डॉट नेटमध्ये इ.स. २००५ मध्ये आली. इ.स. २०१८ मध्ये जावाच्या अकराव्या आवृत्तीतून जॅक्सबी वगळण्यात आले. तथापि स्वतंत्र ग्रंथसंचाच्या रूपाने आणि जकार्ता प्रकल्पाच्या नावाखाली ते पुढे चालू राहिले.

क्रम, अभाव आणि अज्ञान :

सूची तयार झाली म्हणजे प्रश्न संपला, असे नाही. रूपांतरात गळू शकणाऱ्या दोन गोष्टींचा येथे विचार करू.

पहिली गोष्ट क्रमाची. एखाद्या जुन्या पत्राच्या अंकीय प्रतीत ‘परिच्छेद’ आणि ‘समासटीप’ असे दोन घटक आलटून पालटून आले आहेत, असे समजू. आज्ञावलीने परिच्छेदांची एक आणि समासटीपांची दुसरी सूची केली तर दोन्ही सूचींतील अंतर्गत क्रम टिकतो; परंतु कोणती टीप कोणत्या परिच्छेदानंतर होती, हे कायमचे हरवते. स्कीमामध्ये या दोन घटकांची ‘यापैकी कोणताही, कितीही वेळा’ अशी संमिश्र पुनरावृत्ती घोषित केली, तर जॅक्सबीचे साधन दोन्ही प्रकारांची मिळून एकच सूची तयार करते आणि क्रम सुरक्षित राहतो. अशी सूची हाताळण्यास गैरसोयीची असते आणि म्हणून अनेकदा टाळली जाते. संहितासंपादनाच्या क्षेत्रात इ.स. १९८७ पासून कार्यरत असलेल्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्हच्या पद्धतीने सिद्ध केलेल्या संहितांत तर अशी संमिश्र रचना पदोपदी आढळते. अशा संहिता साध्या सूचींच्या चौकटीत बसवताना संपादकाच्या श्रमांचा एक भाग नाहीसा होऊ शकतो.

दुसरी गोष्ट अभावाची. ‘वारस’ या घटकाची एखाद्या नोंदीत एकही आवृत्ती नाही. याचा अर्थ त्या व्यक्तीला वारस नव्हते, की वारसांविषयी माहिती मिळाली नाही? इतिहासाच्या अभ्यासकाला या दोन विधानांतील अंतर सांगण्याची गरज नाही. वेष्टक घटक वापरला असेल तर ‘वारससूची’ आहे पण रिकामी आहे आणि ‘वारससूची’ मुळातच नाही, अशा दोन स्थिती वेगळ्या दाखवता येतात. वेष्टक नसेल तर दोन्ही स्थिती दस्तऐवजात एकसारख्याच दिसतात. त्यात भर म्हणून जॅक्सबीचे साधन जे वर्ग तयार करून देते, त्यांत सूची अस्तित्वात नसल्यास मागणी होताच नवी रिकामी सूची दिली जाते. आज्ञावली लिहिणाऱ्याची यात सोय होते हे खरे. मात्र ‘ठाऊक नाही’ याचे ‘नाही’ होते. अज्ञानाचे अभावात रूपांतर होणे ही इतिहासलेखनातील एक ओळखीची चूक असून येथे ती यंत्र कोणताही गाजावाजा न करता करते.

जेसनचा उदय आणि प्रश्नाचे पुनरागमन :

इ.स. २००० च्या दशकात डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुरस्कारलेले जेसन हे माहितीलेखनाचे सुटसुटीत स्वरूप लोकप्रिय झाले आणि इ.स. २००६ मध्ये त्याचे पहिले आरएफसी प्रसिद्ध झाले. त्यात सूचीसाठी चौकटी कंसाची स्वतंत्र खूण आहे. एका मूल्याची सूची आणि एकटे मूल्य या दोहोंत तेथे लेखनातच फरक दिसतो. वचनाची खूण पुन्हा दस्तऐवजात परतली, असे म्हणता येईल.

परंतु जुन्या एक्सएमएल नोंदी जेसनमध्ये नेताना मूळ प्रश्न नव्याने उभा राहतो, कारण मुळात जी खूण नव्हती ती रूपांतर करणाऱ्याला कोठून तरी आणावी लागते. म्हणूनच पायथन भाषेतील ‘एक्सएमएलटूडिक्ट’ या साधनात अमुक घटक एकदा आला तरी त्याची सूचीच करावी, असे बजावण्याची सोय ठेवलेली आहे. डॉट नेटसाठीच्या ‘जेसन डॉट नेट’ या साधनातही तशीच तरतूद आहे. स्कीमा हाताशी नसेल तर हे ज्ञान शेवटी माणसालाच पुरवावे लागते.

शैक्षणिक संस्थांच्या दृष्टीने महत्त्व :

हा विषय महाविद्यालयांपासून दूरचा नाही. इ.स. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील डब्लिन येथे झालेल्या कार्यशाळेतून ‘डब्लिन कोअर’ ही वर्णनपद्धती जन्मास आली. तिच्या पंधरा मूलभूत घटकांपैकी प्रत्येक घटक ऐच्छिक आहे आणि प्रत्येक पुनरावृत्त होऊ शकतो. इ.स. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘डीस्पेस’ ही संग्रहप्रणाली याच पद्धतीचा आधार घेते आणि आपल्याकडील प्रबंधांचा ‘शोधगंगा’ हा संग्रह डीस्पेसवर उभा आहे. प्रबंधाला दोन मार्गदर्शक असू शकतात, विषयशब्द अनेक असतात, एकाच संशोधकाचे नाव देवनागरीत व रोमन लिपीत अशा दोन रूपांत नोंदवावे लागते. पुनरावृत्तीची सोय असताना दोन नावे एकाच चौकटीत स्वल्पविराम देऊन कोंबली, तर यंत्राच्या दृष्टीने ती दोन माणसे राहत नाहीत. एका विचित्र नावाचा एकच माणूस तयार होतो. नंतर त्यातून दुसरे नाव वेगळे काढणे कष्टाचे असते, कारण स्वल्पविराम आडनाव आणि नाव यांच्या मध्येही येतो.

महाविद्यालयात हस्तलिखितांची, स्थानिक कागदपत्रांची किंवा मौखिक इतिहासाच्या ध्वनिमुद्रणांची सूची तयार होते, तेव्हा रकान्यांची आखणी बहुधा तांत्रिक साहाय्यकावर सोपवली जाते. कोणता तपशील एकच असतो आणि कोणता अनेक असू शकतो, हे मात्र विषयाच्या जाणकारालाच ठाऊक असते. एका दानपत्राला एकच दाता असतो का, एका पोथीला एकच लेखनिक असतो का, एका गावाला एकच नाव असते का, या प्रश्नांची उत्तरे संगणकशास्त्र देऊ शकत नाही.

निष्कर्ष :

१) पुनरावृत्त घटकांचे वस्तुसंग्रहात रूपांतर करण्याचा प्रश्न एक्सएमएलमुळे निर्माण झालेला नाही. कोबॉल, आयएमएस, कॉड यांचे प्रारूप आणि ग्रंथालयांची मार्कपद्धती यांनी त्याला आपापल्या परीने उत्तरे दिली होती.
२) या उत्तरांतील मुख्य भेद ‘अनेकत्वाची’ घोषणा कोठे होते, याविषयीचा आहे. ती आज्ञावलीत, मानकात, स्कीमामध्ये किंवा खुद्द दस्तऐवजात होऊ शकते. ती कोठेच झाली नाही तर यंत्राला एका नमुन्यावरून तर्क करावा लागतो आणि तो तर्क फसतो.
३) एक्सएमएलने डीटीडी ऐच्छिक केल्यामुळे तिचा प्रसार सुकर झाला, परंतु त्याच निर्णयाने वचनाची खूण दस्तऐवजापासून सुटली. एक्सएमएल स्कीमा आणि डेटा बाइंडिंगची साधने हा ती खूण पुन्हा जोडण्याचा प्रयत्न होय.
४) सूची करणे पुरेसे नसून संमिश्र घटकांचा क्रम आणि ‘नाही’ व ‘ठाऊक नाही’ यांतील भेद टिकवणे हेही रूपांतराच्या शुद्धतेचे निकष मानले पाहिजेत.
५) अंकीय सूची आखताना कोणता घटक पुनरावृत्त होऊ शकतो याचा निर्णय विषयतज्ज्ञाने, पहिली नोंद करण्यापूर्वी आणि लेखी स्वरूपात घ्यावा. आज हाती असलेल्या नोंदीत एकच नाव आहे, हे उद्याच्या नोंदीतील दुसऱ्या नावाला जागा न ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.